रोटरी गाडी गरम असताना चालू होत नाही: सेल्फ बदलायचा की इंजिन उघडायचं?

प्रश्न लातूरच्या एका तरुणाचा आहे. त्याचे मामा इंग्लंडहून कायमचे परत आले तेव्हा त्यांनी सोबत माझदा आरएक्स-८ आणली, २००५ चं मॉडेल. ती सध्या छत्रपती संभाजीनगरला गारखेड्यातल्या घराच्या पोर्चमध्ये उभी आहे. मामा म्हणतात, घेऊन जा, काय द्यायचं ते दे. गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर चालू व्हायची. चक्कर मारून आणली, बंद केली आणि दहा मिनिटांनी परत चावी फिरवली तर नुसताच सेल्फ खायची. गेल्या महिन्यात पाण्याचा टँकर आत घ्यायला जागा हवी म्हणून मामांनी गाडी चार हात पुढे घेतली आणि बंद केली. त्यानंतर ती चालूच झालेली नाही. एका मिस्त्रीने गेज लावून कंप्रेशन, म्हणजे इंजिनात हवा दाबली जाण्याचा जोर, चांगलं असल्याचं सांगितलं, दुसरा म्हणतो सेल्फ बदला. शेवटचा प्रश्न: रोटरी इंजिन मुळातच बिनभरवशाचं असतं, हे खरं का?

भाऊ, तुमच्या गाडीला दोन वेगवेगळे आजार आहेत आणि दोन्ही मिस्त्री त्यांना एकच समजतायत. टँकरच्या दिवशी झालं ते ओव्हरफ्लो, म्हणजे इंजिनात न जळलेलं पेट्रोल साचणं. ते एका दिवसात निघतं, खर्चही किरकोळ. त्याआधीपासून गरम असताना जे होत होतं, ते मात्र इंजिनच्या जिवाशी आलेलं असू शकतं. गाडी घ्यायची की नाही, हे या दुसऱ्या आजारावर ठरवा.

मी शारजात असताना ही इंजिनं पुष्कळ उघडली. तिकडे रोटरीचे शौकीन खूप. आता चिकलठाण्यात आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्याच बघतो, त्यामुळे असा प्रश्न आला की जरा सविस्तर लिहावंसं वाटतं. आरएक्स-८ माझदाने भारतात कधी विकलीच नाही. इथे ज्या आहेत त्या अशाच कुणीतरी सोबत आणलेल्या. म्हणून आपल्या मिस्त्रींचा हात त्यावर बसलेला नाही, यात त्यांचा दोष नाही.

आधी इंजिन समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, हेड नाही. आठाच्या आकड्यासारख्या फुगीर हाऊसिंगमध्ये तीन कोनांचा रोटर फिरतो. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक पातळ पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. बाजूंना साइड सील आणि कोपऱ्यांत कॉर्नर सील. पिस्टनच्या इंजिनात रिंगा जे काम करतात ते इथे या सीलांनी करायचं. रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन वेगळ्या चेंबर, आणि रोटर एकदा फिरेपर्यंत मधला शाफ्ट तीनदा फिरतो. सीलवर तेलाचा पातळ थर असेल तरच चेंबर घट्ट बंद होते. तेल धुऊन गेलं तर सील चांगलं असूनही कंप्रेशन पडतं.

टँकरच्या दिवशी नेमकं हेच झालं. थंड इंजिन चालू करताना कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. इंजिन गरम व्हायच्या आत बंद केलं की न जळलेलं पेट्रोल हाऊसिंगमध्ये राहतं आणि सीलवरचं तेल धुऊन टाकतं. पुढच्या वेळी सेल्फ मारला की कंप्रेशन कमी म्हणून पेट घेत नाही, आणि पेट घेत नाही म्हणून प्रत्येक चावीला आणखी पेट्रोल आत जातं. प्लग चिंब होतात, बॅटरी उतरते, सेल्फचा वेग मंदावतो. मग शेजारच्या बोलेरोवरून केबल लावून अजून अर्धा तास तेच चालतं.

आपल्याकडे उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी दोन मिनिटं चालू करून बंद करायची पद्धत आहे. रोटरीला याच्याइतकं वाईट काही नाही. पोर्च धुवायचा म्हणून, लग्नाचा मांडव टाकायचा म्हणून, टँकर आला म्हणून गाडी हलवायची असेल तर गिअर न्यूट्रलला टाका आणि दोघांनी ढकला. चालू केलीच तर तापमानाचा काटा वर येऊन मध्यावर थांबेपर्यंत बंद करू नका. अगदीच घाई असेल तर ३००० आरपीएमवर दहाएक सेकंद रेस धरा, मग आयडलला येऊ द्या आणि मग बंद करा. आतलं पेट्रोल बऱ्यापैकी जळून जातं.

आता ओव्हरफ्लो कसं काढायचं. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. अर्धवट चार्जवर हे काम करू नका, कारण इथे सगळा खेळ सेल्फच्या वेगाचा आहे. पहिला उपाय सोपा: अॅक्सिलेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेडल तळाला असताना कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो, आत नुसती हवा फिरते. आठ-दहा सेकंद, मग सेल्फला विश्रांती, परत एकदा. तेवढ्याने अनेकदा गाडी खोकते आणि पेट घेते.

महिनाभर उभी आहे म्हणजे तुमची बहुतेक घेणार नाही. मग डावं पुढचं चाक काढा, प्लग त्या बाजूने हाताला येतात. चार प्लग आहेत, प्रत्येक रोटरला वर एक आणि खाली एक. वरचा ट्रेलिंग, खालचा लीडिंग, आणि दोघांची जात वेगळी आहे. वायरींवर काढायच्या आधीच खूण करा. अदलाबदल झाली तर नवं दुखणं सुरू होतं आणि ते शोधायला निष्कारण दिवस जातो. प्लग बाहेर काढले की वास घ्या. ओले असतील, पेट्रोलचा भपकारा येत असेल, तर निदान तिथेच झालं. इंधन पंपाचा रिले काढा आणि प्लगशिवाय सेल्फ मारा. भोकांतून पेट्रोलचा फवारा उडेल. आसपास विडी-सिगारेट नको, उघडी वायर नको, इग्निशनच्या वायरी बाजूला बांधून ठेवा. हे सांगावं लागतं, कारण पोर्चमध्ये गाडी उघडली की बघ्यांची कमी नसते.

फवारा थांबला की प्रत्येक रोटरच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि थोडा सेल्फ मारून ते पसरू द्या. सीलला परत तेल मिळतं, कंप्रेशन वर येतं. नवे प्लग टाका, जुने पुसून लावू नका. रिले बसवा आणि चालू करा. पहिली पाच मिनिटं पांढरा-निळा धूर इतका येईल की शेजारी येऊन विचारतील, घाबरू नका. धूर निवळल्यावर गाडी चांगली लांब फिरवून आणा आणि मग इंजिन ऑइल बदला, कारण पेट्रोल खाली ऑइल पॅनमध्येही उतरलेलं असतं. टोचन करून किंवा धक्का मारून चालू करायच्या भानगडीत पडू नका. सगळं कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या जाळीत जातं आणि एका ठिणगीत कॅटचं भुसकट होतं.

एक पोटप्रश्न उरतो: टाकीत कधीचं पेट्रोल आहे? आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी २००५ ची, तिचे पाइप आणि रबर या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. जुनं पेट्रोल काढून टाका, पाइपांना चीर पडलीय का ते बघा, आणि ९५ ऑक्टेनचं ताजं भरा. इंग्लंडमध्ये ही गाडी ९५ वरच चालते.

आता दुसरा आजार, आणि यात घाई करू नका.

गरम इंजिन चालू न होणं ही रोटरीची सगळ्यात प्रामाणिक तक्रार आहे. थंड असताना तेल जाड असतं, सीलमधल्या फटी त्याने भरतात, म्हणून झिजलेलं इंजिनही सकाळी रडतखडत का होईना पेट घेतं. गरम झालं की तेल पातळ होतं आणि फट उघडी पडते. म्हणून विकणाऱ्याने गाडी सकाळी चालू करून दाखवली याला काही अर्थ नाही. अर्धा तास चालवायची, बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मग चावी फिरवायची. निरोगी रेनेसिस (या गाडीच्या रोटरी इंजिनाचं नाव) इंजिन दोन-तीन सेकंदांत पेट घेतं. त्याहून जास्त खाल्ला तर पुढे कंप्रेशन मोजल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही, मामा असोत की आणखी कोणी.

“कंप्रेशन हाय की, काटा चांगला वर जायलाय,” असं तुमच्या मिस्त्रीने म्हटलं, ते खोटं नाही. पण त्याने साधं पिस्टनचं गेज लावलं. त्या गेजमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो सगळ्यात जास्त दाब धरून ठेवतो. पिस्टनला हे चालतं, एका सिलिंडरला एकच चेंबर. इथे एका भोकासमोरून तीन चेंबर जातात. दोन मेल्या आणि एक जिवंत असली तरी गेज जिवंत चेंबरचाच आकडा दाखवणार.

रोटरीचा वेगळा टेस्टर असतो, तो तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे देतो आणि सेल्फचा वेगही सांगतो. तो इथे मिळणं अवघड. मिळेपर्यंत हे करा. पेट्रोल बंद, गरम इंजिन, लीडिंगचा प्लग काढा, साध्या गेजमधला तो व्हॉल्व्ह काढून गेज लावा आणि अॅक्सिलेटर दाबून सेल्फ मारा. आता काटा टिकणार नाही, उड्या मारेल. मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढा. तिन्ही उड्या सारख्या हव्यात. दोन उंच आणि एक बुटकी दिसली तर त्या बाजूचं सील गेलं. गेज नसेल तर नुसते कान लावा: निरोगी रोटर फुस-फुस-फुस असा एका लयीत वाजतो. आजारी फुस-फुस करतो, एक घास गिळतो आणि परत फुस-फुस. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

आकडे लक्षात ठेवा. माझदाच्या मापाने २५० आरपीएमवर नव्या इंजिनाला चौरस सेंटिमीटरला ८.५ किलो, आणि ६.९ किलोच्या खाली गेलं की इंजिन संपलं असं धरतात. पण संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे हवाच पातळ, त्यामुळे तेच इंजिन मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी आकडा दाखवणार. सेल्फ हळू फिरला तरी आकडा पडतो. म्हणून ६.७ आलं की लगेच इंजिन मेलं म्हणू नका, वेग आणि उंचीचा हिशेब करा. ५ आलं तर मात्र हिशेब करत बसण्यात अर्थ नाही.

सेल्फ बदला म्हणणारा दुसरा मिस्त्रीही अगदी चुकीचा नाही. सुरुवातीच्या आरएक्स-८ मध्ये सेल्फ कमजोर होता, माझदाने नंतर जास्त वेगाने फिरणारा दिला. तो बसवला की जुनं इंजिनही पटकन पेट घेतं. गोची अशी की विकणारे लोक हेच करतात. नवा सेल्फ, नवी बॅटरी, आणि मेलेलं इंजिन आणखी वर्षभर जिवंत भासतं. तुमच्या बाबतीत सेल्फ बदलाच, पण आकडे घेतल्यानंतर. आधी बदललात तर गरम स्टार्टची तक्रार काही दिवस झाकली जाईल आणि तुम्ही पैसे देऊन मोकळे व्हाल.

कंप्रेशन बरं निघालं आणि तरी गरम असताना चालू होत नसेल तर प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल बघा. चार कॉइल आहेत आणि याच गाडीची त्या ठरलेली दुखरी जागा. कॉइल कमजोर झाली की पेट्रोल अर्धवट जळतं आणि उरलेलं कॅटमध्ये जाऊन पेटतं. कॅट वितळून तुंबतं, धूर बाहेर पडायला वाट उरत नाही, उष्णता मागे इंजिनात येते आणि साइड सीलची वाट लागते. या इंजिनात धुराची वाट हाऊसिंगच्या बाजूला नेलेली आहे, आधीच्या रोटरींसारखी घेरावर नाही, म्हणून ही उष्णता आणि काजळी थेट साइड सीललाच भिडते. काही हजारांच्या कॉइलकडे दुर्लक्ष करून पूर्ण इंजिन घालवलेले मालक मी बघितलेत. पिकअप कमी झालाय, वरच्या आरपीएमला गाडी दम टाकते, बंद केल्यावर खालून कॅट लाल दिसतं, असं काही असेल तर तिथूनच सुरुवात करा. शाफ्टचा सेन्सरही काढून पुसा. त्याच्या टोकाला चुंबक असतं, लोखंडाचा चुरा धरतं, आणि मग कॉम्प्युटरला शाफ्ट कुठे आहे ते कळत नाही.

आता भरवशाचं. हे इंजिन बिनभरवशाचं आहे असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. सुरुवात वाईट होती, हे खरं. जर्मनीच्या एनएसयूने १९६७ मध्ये रोटरी इंजिनाची आरओ ८० काढली, १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी म्हणून तिला मान मिळाला, आणि लगेच सील झिजून परत येणाऱ्या इंजिनांनी कंपनीचं कंबरडं मोडलं. माझदाच्या केनिची यामामोतो यांच्या तुकडीला हाऊसिंगवर उठणारे ओरखडे घालवायलाच वर्षं गेली. पण त्याच माझदाच्या ७८७बी ने १९९१ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत चार रोटरच्या इंजिनावर जिंकली, ३६२ फेऱ्या मारून. सलग पळण्यात या इंजिनाची बरोबरी करणारी इंजिनं कमी. त्याला त्रास होतो थांबण्या-सुरू होण्याचा, थंड असताना बंद करण्याचा, आणि तेल-पाण्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाचा. अमेरिकेत तक्रारी इतक्या वाढल्या की माझदाने २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत नेली. कंपनी असं उगाच करत नाही. इंजिनात खोट होती आणि मालकांना सवय नव्हती, दोन्ही खरं.

आपल्या भागात तेल-पाण्याचा मुद्दा जास्तच महत्त्वाचा. हे इंजिन तेल पितं, तो बिघाड नाही. सील भिजवायला एक पंप इंजिनचंच ऑइल थोडं थोडं आत सोडतो. म्हणून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची. सर्व्हिसिंगची वाट बघणारा माणूस या गाडीचा मालक होऊ शकत नाही. पुष्कळ जण पेट्रोलमध्ये लिटरला चार-पाच मिली चांगलं टू-टी ऑइलही टाकतात. मी टाकायला सांगतो. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी एक थेंबही नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती क्षारयुक्त आहे ते गिझरची कॉइल काढून बघितलेल्याला सांगायला नको. तयार कुलंट टाका, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. हाऊसिंगच्या थरांमध्ये रबराची सीलं असतात. इंजिन एकदा तापलं की ती कडक होतात आणि पाणी आत झिरपतं. सकाळी चालू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल आणि कुलंट कमी होत असेल, तर समजा ती गेली आणि इंजिन खोलावं लागणार.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. तो मुद्दाम मध्यावर चिकटून राहील असाच बनवलाय, हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. साधा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) लावा आणि मोबाइलवर खरं तापमान बघा. शंभर अंशांच्या वर गेलं की एसी बंद, रेस कमी. एकशे दहाला गाडी बाजूला घ्यायची, मग समोर काही का असेना. मे महिन्यात बीड बायपासला ४२ डिग्रीत एसी लावून रांगेत उभं राहणं ही या गाडीची खरी परीक्षा. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत ऑइल कूलर असतात, त्यांच्या जाळीत काळ्या मातीचा थर बसतो. तो हलक्या हाताने धुवा. प्रेशरने मारलं तर फिन वाकतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी ओव्हरफ्लो काढा, गाडी चालू करा, ऑइल बदला. मग अर्धा तास पळवून गरम स्टार्ट बघा आणि लगेच उड्यांचा व्हिडिओ काढा, दोन्ही रोटरचा. सहाही उड्या सारख्या आणि उंच आल्या तर गाडी घ्या, सेल्फ, कॉइल, प्लग आणि बॅटरी एकदाच बदला. एखादी उडी बुटकी असेल तर इंजिन बांधायचा खर्च धरूनच मामांशी बोला. सील आणि हाऊसिंग बाहेरून मागवावी लागतात, वर कस्टम ड्युटी, आणि हाऊसिंगला ओरखडे असतील तर नुसती सीलं बदलून भागत नाही. अशा वेळी चालू इंजिनाची नाही, इंजिन नसलेल्या गाडीची किंमत द्यायची. मामांना व्हिडिओ दाखवा, म्हणजे घरात वाद होणार नाही. आणि कागद आधी बघा: आयातीची कस्टमची पावती, आरसी आणि चासीचा नंबर जुळला पाहिजे. नंबर जुळत नसेल तर प्लग काढायचीही तसदी घेऊ नका.